तापा की तापोन

कारखानीसबाईंकडे "जरा पाणी देता का?" असं सरळ मागायची सोय नव्हती. टाइपरायटरवरची मान वर न करता त्या विचारायच्या, "कुठलं?" प्यायचं असेल तर माठातलं, स्टॅम्प पॅड ओलं करायचं असेल तर खिडकीतल्या बाटलीतलं आणि हात धुवायचे असतील तर बाहेर नळ आहे. रजा मागायला आलेल्यालाही "कुठली?" आणि डोकं दुखतंय म्हणणाऱ्यालाही "कुठे?" आमच्या ऑफिसात त्यांचं नाव 'कुठलंबाई' पडलं होतं. ते नाव मी पाडलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला आणखी बरंच काही कबूल करायचं आहे आणि सुरुवात सोप्यापासून केलेली बरी.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. सूत रंगवायच्या मोठ्या बंद टाक्या आम्ही बनवायचो. आत सूत, रंग आणि उकळतं पाणी, त्यावर वाफेचा दाब. मी ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो आणि बाई शेजारच्या टेबलावर टायपिस्ट. वय चाळिशीच्या आसपास, कडक इस्त्रीची सुती साडी, जाड फ्रेमचा चष्मा. बदलापुरात सोनिवलीच्या रस्त्याला आईबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. 'कारखान्यातल्या कारखानीस' हा विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की नवा माणूस तोंड उघडायच्या आत त्या म्हणायच्या, "हो, ऐकलाय."

या बाईंना स्पॅनिश येत होतं. का येत होतं, याचं त्यांनी दिलेलं कारण असं, की मुंबईला जर्मनच्या वर्गाचा फॉर्म आणायला गेल्या तर खिडकीपुढे भलीमोठी रांग होती आणि शेजारची स्पॅनिशची खिडकी मोकळी होती. तीन वर्षं दर शनिवारी जाऊन त्या ती भाषा शिकल्या आणि मग दहा वर्षं त्या भाषेत त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या कारखान्याला पेरू देशातून चार टाक्यांची ऑर्डर आली तेव्हा त्यांच्या जुन्या अर्जातली ती ओळ कुणाला तरी आठवली. ऑफिसात आठवडाभर पेरूचे विनोद झाले. परत येताना रिकाम्या पेट्यांत काय भरून आणायचं, वगैरे. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी घरून कागदाचं कव्हर घातलेला जाडजूड शब्दकोश आणला आणि माझ्याकडे रद्द झालेल्या ड्रॉइंगचे कागद मागितले. त्यांच्या कोऱ्या बाजूची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून त्यांनी ती बिस्किटांच्या डब्यात उभी लावली. प्रत्येक कार्डावर वर एक इंग्रजी शब्द आणि खाली त्याला स्पॅनिशमध्ये चालतील असे दोन, तीन, कधी पाच शब्द. त्यातला कुठला कधी, हे बारीक अक्षरात.

"एकच शब्द लिहून मोकळं व्हा ना," मी एकदा म्हणालो. "शब्दांचा एवढा कीस कशाला?"

"पाटणकर, कोपरा म्हणजे काय?"

"कोपरा म्हणजे कोपरा."

"खोलीत उभं राहून दिसतो तो रिंकोन. रस्त्यावर वळताना लागतो तो एस्किना. इंग्रजीत दोन्हींना कॉर्नर. आता सांगा, मी काय लिहू?"

मी म्हटलं, म्हणजे मी काढलेली रेघ तीच, फक्त बघणारा आत आहे की बाहेर, यावर तिचं नाव ठरणार? त्या चक्क हसल्या. असं हसू त्यांच्याकडून वर्षातून दोनदाच मिळायचं. "म्हणून आधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवायचं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाइप करायला लागल्या.

शॉपवरच्या, म्हणजे टाक्या बनायच्या त्या शेडमधल्या, माणसांपैकी त्यांचं पटायचं ते फक्त टेस्टिंगच्या फोरमनशी, भोईरशी. भोईर सोनिवलीचा, घरची भातशेती, कामावर यायच्या आधी शेतावर चक्कर टाकून येणारा. उल्हास नदीत मासे मिळाले की वाटा बाईंच्या आईला पोचायचा. एकदा तो ऑफिसच्या दारातच पिशवी घेऊन उभा राहिला तेव्हा बाईंनी त्याला सांगितलं, की स्पॅनिशमध्ये पाण्यातल्या माशाला पेस म्हणतात आणि पकडलेल्या माशाला पेस्कादो.

"म्हंजे धरला का नाव बदलला?" भोईर म्हणाला. "बाय, आमच्यान त मासा त मासाच. पान्यान असला काय न् टोपलीन असला काय."

"तुमच्यात चालतं, कारण तुम्ही टोपली दाखवून बोलता. मला लिहायचंय. लिहिलेल्याला हात नसतात."

भोईरला हे पटलं असावं. घरी जाऊन बायकोला त्याने "आज पेस्कादो रांद" असं सांगितलं आणि तिने काय उत्तर दिलं, हे तो नंतर महिनाभर सगळ्यांना ऐकवत होता.

बाईंच्या या काटेकोरपणाचा त्रास व्हायचा, हेही लिहायला हवं. उल्हासनगरला एका सिंधी मालकाच्या प्रेसमध्ये आमची मॅन्युअल छापली जायची. स्पॅनिश अक्षरांवरच्या तिरक्या रेघा आणि नागमोडी टोप्या त्याच्या खिळ्यांत नव्हत्या. बाई प्रत्येक प्रत पुढे घेऊन त्या रेघा शाईने हाताने काढायच्या. मालक हात जोडून म्हणायचा, "साईं, इतना बारीक कौन देखता है?" बाई म्हणायच्या, "जो मशीन चलाएगा, वो." मी त्यांच्याबरोबर तिथे दोन दुपारी उपाशी बसलोय, आणि दोन्ही दुपारी मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोललोय.

आता पान सतरा.

मॅन्युअलचं इंग्रजी वागळेसाहेबांनी स्वतः लिहिलं होतं. वागळेसाहेब आमचे वर्क्स मॅनेजर. हुशार माणूस, यंत्राचा बोल्ट न् बोल्ट पाठ. पण वीस वर्षं शॉपवर काढल्यामुळे त्यांची भाषा शॉपची झाली होती. आणि आमच्या शॉपवर जे कशाच्याही वर बसतं ते ढक्कन. टाकीचं दोन माणसांनी उचलायचं झाकण, ते ढक्कन. त्या झाकणाच्या मधोमध बसवलेलं मुठीएवढं पितळी बूच, तेही ढक्कन. आणि जो हे नीट बसवत नाही तो माणूसही ढक्कन. यावरून कुणाचं कधी अडलं नाही, कारण प्रत्येक जण बोट दाखवून बोलायचा. साहेबांनी इंग्रजीत लिहिताना सगळ्या ढक्कनांचं सरसकट 'कॅप' करून टाकलं. पान सतरावर तीन ओळी होत्या. टाकी थंड झाल्यावर कॅप सावकाश काढा. वाफ थांबेपर्यंत वाट बघा. मग कॅप उघडून सूत बाहेर काढा.

बाई तिथे अडल्या. त्यांनी कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. कॅप. तापा म्हणजे झाकण. तापोन म्हणजे बूच. गोर्रा म्हणजे डोक्यावरची टोपी.

"टोपी बाद," त्या म्हणाल्या. "उरले दोन. तापा की तापोन?"

"दोन्ही डोक्याला ताप," मी म्हणालो. विनोद वाईट नव्हता, पण त्या हसल्या नाहीत. उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं सगळ्या ऑफिसने ऐकलं.

"साहेब, ही कॅप कुठली?"

"कॅप म्हणजे ढक्कन हो. टाकीचं ढक्कन. झाकण म्हणतात ना तुमच्यात?"

"पण आधी काढा आणि मग उघडा असं दोनदा का आहे? वस्तू एक आहे की दोन?"

"मॅडम," साहेब म्हणाले, "शुक्रवारी माल बंदरात पोचला नाही तर बोट जाईल. तुम्ही टायपिस्ट आहात. इंजिनियर आम्ही आहोत. तेवढं आमच्यावर सोडा."

कुणीतरी खुसखुसलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्या आपल्या जागेवर गेल्या नाहीत, माझ्या बोर्डापाशी आल्या. त्या पानासाठी यंत्राची आकृती मीच काढली होती. खरं तर तिथे दोन बाण हवे होते, एक झाकणाला आणि एक बुचाला. पण जागा कमी होती, साहेबांचं 'कॅप' एकच होतं, आणि बूच झाकणाच्या मधोमधच बसतं. म्हणून मी एकच बाण मधोमध टेकवून वर 'कॅप' लिहिलं होतं.

"पाटणकर, तुमच्या आकृतीत कॅप एकच आहे ना?"

मी दुसऱ्या ड्रॉइंगवर शाई फिरवत होतो. "बाण एकच आहे," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. पण मला माहीत होतं त्यांनी काय विचारलं होतं, आणि मला हेही माहीत होतं की मी उत्तर कशाचं दिलं. मान वर करून एक वाक्य जास्त बोललो असतो तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. त्या जागेवर गेल्या आणि त्यांनी दोन्ही ठिकाणी तापा लिहिलं. मॅन्युअल छापून झाली आणि चारही टाक्या वेळेवर बंदरात गेल्या.

दोन-अडीच महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, बाई टेस्टिंगच्या सर्टिफिकेटवर भोईरची सही घ्यायला शॉपवर गेल्या. ऑफिसातल्या बायका शॉपवर सहसा जात नसत. मी तिथेच माप घेत होतो. त्याच जातीच्या एका नव्या टाकीची चाचणी चालली होती. भोईरने हाताला गोणपाट गुंडाळलं, झाकणावर वाकला आणि मधलं बूच हळूहळू फिरवायला लागला. शिट्टीसारखा आवाज करत वाफ वर उसळली. बाई दोन पावलं मागे सरकल्या. आवाज बंद होईपर्यंत भोईर तसाच उभा राहिला, मग त्याने बूच काढून बाजूला ठेवलं आणि झाकणाचे बोल्ट सैल करायला घेतले.

"भोईर, हे काय काढलंत?"

"ढक्कन, बाय."

"आणि आता काढताय ते?"

"तो पन ढक्कनच."

"ते लहान आधी काढलं नाही तर?"

भोईर हसला. "मंग मोठा ढक्कन आपल्या आपन उघडल. आन् आतला उकलता पानी त्यो खोलनाऱ्याच्या तोंडावर. म्हनून त पैला बारका काडाचा. बारका काडला का समजते आत वाफ हाय का नाय ती."

बाईंनी सर्टिफिकेट छातीशी धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त एवढंच पाहिलं, की मला हे ठाऊक होतं की नव्हतं. मी माप घ्यायची टेप गुंडाळत राहिलो.

दहाच मिनिटांत आम्ही दोघं साहेबांपुढे उभे होतो. पेरूला पोचलेल्या मॅन्युअलमध्ये आधी झाकण काढा, मग वाट बघा, असं लिहिलंय, आत्ता टेलेक्स पाठवायला हवा, असं बाईंनी सांगितलं. टेलेक्सच्या खोलीची किल्ली साहेबांकडे असायची. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, हे मी पाहिलं. ते दुष्ट नव्हते. पण नवी, बारा टाक्यांची ऑर्डर त्याच महिन्यात ठरायची होती.

"आपल्या पुस्तकात चूक आहे, असं आपण आपल्या तोंडाने सांगायचं? तिकडे काय इंजिनियर नाहीत? बघून कळतं माणसाला. पाटणकर, तुमची आकृती आहे ना त्यात? आकृतीवरून कळतं की नाही?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या घरी त्या वेळी नुकताच पाळणा हलला होता आणि माझं नाव सीनियरच्या जागेसाठी होतं. ही कारणं झाली. मी म्हणालो, "ड्रॉइंग बघावं लागेल, साहेब."

"बघा. सोमवारी बोलू," साहेब म्हणाले.

बाईंनी शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार आणि रविवार काढला. कसा काढला ते मला भोईरकडून कळलं. शनिवारी त्या त्याच्या शेताच्या बांधावर जाऊन त्या लहान ढक्कनाबद्दल दोन तास विचारत होत्या. ते कशासाठी आहे, त्याला दुसरं काही नाव आहे का, टाकीला तसं आणखी एखादं आहे का. होतं. टाकीच्या तळाला पाणी सोडायचं एक बूच होतं. म्हणजे नुसतं तापोन लिहिलं तर पेरूचा माणूस तळाचं बूच काढेल आणि वरचं झाकण उघडेल. पुन्हा तेच.

सोमवारी साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते. तीन वाजता बाईंनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "येता?" मी गेलो. रिक्षाने आम्ही तारघर गाठलं. तारघरातल्या लाकडी फळीवर फॉर्म ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिलेलं खोडलं. तापोन. खोडलं. तापीता, म्हणजे झाकणी. तेही खोडलं, कारण झाकणी हे झाकणाचंच पिल्लू, घाईत वाचणाऱ्याला तापाच दिसेल. खिडकीमागचा कारकून म्हणाला, "मॅडम, लवकर करा, मशीनवर माणूस जायचाय." बाईंच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. शेवटी त्यांनी शोभेचे सगळे शब्द सोडून दिले आणि लहान मुलाला सांगावं तसं लिहिलं. पान सतरा चुकीचं. आधी वरचं तापोन चिको, म्हणजे लहान बूच. वाट बघा. मग तापा ग्रांदे, मोठं झाकण. खाली कारखान्याचं नाव आणि टेलेक्स नंबर.

"उत्तर कारखान्यात येईल," मी म्हणालो. "साहेबांना कळेल."

"कळू दे."

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, की स्पॅनिशमध्ये वाट बघणं आणि आशा करणं यांना एकच क्रियापद आहे आणि तीन वर्षांत त्यांना न आवडलेला तो एकमेव शब्द. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या, "वेगळ्याच ठेवायला हव्या होत्या."

मंगळवार गेला. बुधवारी बाईंनी एक पत्र तीनदा टाइप केलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी चुकलं. टेलेक्सच्या खोलीत यंत्र खडखडलं की सगळं ऑफिस थांबायचं, कारण एव्हाना भोईरकडून सगळ्यांना कळलं होतं. गुरुवारी सकाळी साहेबांनी बाईंना हाक मारली. हातात टेलेक्सचा कागद होता. तो स्पॅनिशमध्ये होता आणि आमच्या दीडशे माणसांत तो वाचू शकणारी एकच व्यक्ती होती. साहेबांना तो तिच्याच हातात द्यावा लागला.

बाईंनी तो उभ्यानेच वाचला. मग खुर्चीत बसल्या, जी साहेबांनी देऊ केलेली नव्हती.

"काय म्हणतात?"

"तार सोमवारी मिळाली. तिन्ही टाक्या लगेच थांबवल्या. आभार मानलेत." त्यांचा आवाज सपाट होता. "चौथी टाकी शनिवारी उघडली होती. पुस्तकाप्रमाणे. उघडणाऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. डोळे वाचलेत. एउसेबियो नावाचा माणूस आहे."

शनिवार. शुक्रवारी आम्ही तिघं याच खोलीत उभे होतो आणि किल्ली टेबलावर होती.

"आणखी एक विचारलंय," बाई म्हणाल्या. "हा यंत्राचा दोष की त्या माणसाचा? त्याचा असेल तर ते त्याला कामावरून काढणार आहेत. दवाखान्याचंही मग तो बघेल."

साहेबांनी इंग्रजीत उत्तराचा मजकूर सांगितला. आमच्या बाजूने कोणताही फॉल्ट नाही. ऑपरेटरने सूचनांचं पालन करायला हवं होतं.

"फॉल्ट म्हणजे कुठल्या अर्थाने, साहेब? त्यांच्यात दोन आहेत. यंत्रातला बिघाड असेल तर फाल्या. माणसाकडे बोट दाखवायचं असेल तर कुल्पा."

"मॅडम," साहेब अगदी हळू म्हणाले, "फॉल्ट म्हणजे फॉल्ट. टाइप करा आणि आणा."

त्यांनी टाइप केलं. चार ओळी. साहेबांनी वरून खाली नजर फिरवली, न कळलेल्या मजकुराखाली सही केली आणि किल्ली दिली. टेलेक्स गेला. बाई जागेवर येऊन बसल्या आणि बराच वेळ त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते.

त्यांनी काय लिहिलं होतं ते पंधरा दिवसांनी कळलं. त्या कंपनीच्या मुंबईच्या एजंटाचं इंग्रजी पत्र आलं आणि साहेबांनी ते ऑफिसात उभं राहून मोठ्याने वाचलं, कारण पहिल्या दोन ओळींत बारा टाक्यांची ऑर्डर पक्की झाल्याचं होतं. पुढच्या ओळी वाचताना त्यांचा वेग कमी झाला. यंत्रात बिघाड नाही आणि ऑपरेटरने पुस्तकात होतं तेच केलं, हा आपला खुलासा मिळाला. त्यामुळे त्याची नोकरी आणि उपचार दोन्ही चालू आहेत. दोष पूर्णपणे भाषांतर करणाऱ्या बाईंचा आहे, हे आपल्या बाईंनी स्वतः लिहून कळवलं, त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. तरी पुढची मॅन्युअल दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी ही विनंती.

साहेबांनी पत्राची घडी घातली. त्यांना राग आला असता तर समजू शकलो असतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. चूक कुणाची ते ठरलं होतं. लेखी. बाईंना महिनाअखेरीस मोकळं करायचं ठरलं. निरोपाचा चहा झाला नाही. भोईर तेवढा शॉपवरून हात न धुता वर आला, त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, तुमी काय वंगाल नाय केला." मग तो तसाच खाली गेला.

शेवटच्या दिवशी मी त्यांचा शब्दकोश धरून गेटपर्यंत गेलो. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर रसायनांचा तो नेहमीचा उग्र वास, रिक्षाचा पत्ता नाही. मला बोलायचं होतं. पंधरा दिवस मी ते वाक्य घोकत होतो.

"बाई, बाण मी काढला होता," मी म्हणालो. "आणि शुक्रवारी साहेबांनी अडवलं. तुम्ही एकटीच्या अंगावर का घेतलंत? दोष आमचा, असं कंपनीच्या नावाने लिहिता आलं असतं. तुमच्या भाषेत शब्द नाही का त्याला?"

"आहे ना. नुएस्त्रा." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "आधी तेच टाइप केलं होतं. कुल्पा नुएस्त्रा. मग अडले. मराठीत आपल्याकडे दोन आहेत, पाटणकर. 'आपली चूक' म्हटलं तर त्यात समोरचाही येतो. 'आमची चूक' म्हटलं तर समोरचा बाहेर राहतो. त्यांच्यात दोन्हीला नुएस्त्राच. मला कळेना, मी लिहितेय ती चूक कोणाकोणाची आहे. म्हणून तो कागद फाडला आणि 'मिया' लिहिलं. माझी. तेवढ्याची मला खात्री होती."

मी शब्दकोश या हातातून त्या हातात घेतला.

"त्या दिवशी तुम्हाला विचारणार होते," त्या म्हणाल्या. "राहिलं. आता सांगा. काय असायला हवं होतं ते, आपली की आमची? तुम्ही आत की बाहेर?"

त्यांनी चष्मा काढला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच इतकं सरळ. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यात टोमणा नव्हता, कार्डावर लिहायच्या आधी विचारायच्या तसंच त्या विचारत होत्या, आणि उत्तर एका शब्दाचं होतं, मला येत होतं.

वळणावरून आवाज आला. मी हात वर केला.

"बाई," मी म्हणालो, "रिक्षा आली."